"मला माहीत नाही" या वाक्यातून उत्तर कसं काढायचं: दुसऱ्याच्या उत्तरावरून सुटणारी कोडी, पायरी पायरीने

कोड्यांचा एक प्रकार आहे ज्यात दोन-तीन जण नुसते बोलत असतात. एक म्हणतो मला उत्तर माहीत नाही, दुसरी म्हणते मलाही नाही, आणि मग पहिला म्हणतो अच्छा, मग आता कळलं! आपण वाचणारे बघतच राहतो, की अरे कुणी कुणाला काही सांगितलंच नाही, मग कळलं कशावरून? मी कित्येक वर्षं ही कोडी डोक्यातल्या डोक्यात सोडवायला जायचो आणि तिसऱ्या वाक्याला गुंता व्हायचा, म्हणजे "तिला माहीत आहे की त्याला माहीत नाही की तिला..." इथे आलं की सगळं सुटून जायचं. नंतर एकदा कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की यात हुशारी फार लागतच नाही, पद्धत लागते. ती पद्धत इथे नीट सांगतो, उदाहरणं सगळी सोडवून दाखवतो, तुम्ही पण वाचताना शेजारी कागद-पेन ठेवा, खरंच ठेवा, नुसतं वाचून हे अंगात येत नाही.

आधी खेळाचे नियम, कारण कोड्यात ते बहुतेक वेळा लिहिलेले नसतात पण गृहीत धरलेले असतात. कोड्यातली माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांचं डोकं एकदम पक्कं चालतं, म्हणजे जे काढता येण्यासारखं आहे ते त्यांनी काढलेलंच असतं. एकमेकांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. आणि हे तिन्ही नियम त्या सगळ्यांना माहीत असतात. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो पण सगळं कोडं त्यावरच उभं असतं, कारण समोरचा विचार करणारा आहे अशी खात्री नसेल तर त्याच्या "माहीत नाही" ला काही किंमतच राहत नाही.

पायरी १: सगळ्या शक्यता कागदावर मांडा

उत्तर शोधू नका. आधी फक्त एवढं लिहा की काय काय असू शकतं. मग एकेक वाक्य घ्या आणि प्रत्येक शक्यतेला एकच प्रश्न विचारा: खरं हे असतं, तर या माणसाने हे वाक्य बोललं असतं का? नसतं बोललं तर त्या शक्यतेवर काट मारा. बस, पद्धत एवढीच आहे, बाकी सगळं यातच येतं.

सोपं उदाहरण घेऊ. मीना आणि रघू यांना प्रत्येकी एक आकडा गुपचूप दिलाय. दोघांना माहीत आहे की आकडे १ पासून पुढचे आहेत आणि लागोपाठचे आहेत, म्हणजे ५ आणि ६ किंवा १२ आणि ११ असे. कुणाकडे मोठा ते माहीत नाही. बोलणं असं होतं:

मीना: तुझा आकडा मला माहीत नाही.
रघू: मलाही तुझा माहीत नाही.
मीना: आता कळला मला!

पहिलं वाक्य. मीनाकडे १ असता तर रघूकडे २ च असणार, दुसरं काही शक्यच नाही, मग ती "माहीत नाही" म्हणाली नसती. म्हणजे मीनाकडे १ नाही. बाकी कुठलाही आकडा असेल तर दोन शक्यता राहतात, त्यामुळे फक्त १ गेला.

दुसरं वाक्य. रघूकडे १ असता तर त्याला लगेच कळलं असतं. पण आता २ असता तरी कळलं असतं, कारण २ असेल तर मीनाकडे १ किंवा ३, आणि १ नाही हे तिने आत्ताच सांगून टाकलंय. म्हणजे रघूकडे १ पण नाही आणि २ पण नाही. बघा, एका "माहीत नाही" ने दोन आकडे खोडले.

तिसरं वाक्य. मीनाला कळलंय, म्हणजे तिच्या दोन शक्यतांपैकी एक आत्ताच खोडली गेली असणार. तिच्याकडे २ असेल तर रघूकडे १ किंवा ३, त्यातला १ गेला, राहिला ३. तिच्याकडे ३ असेल तर रघूकडे २ किंवा ४, त्यातला २ गेला, राहिला ४. तिच्याकडे ४ असता तर रघूकडे ३ किंवा ५, दोन्ही अजून जिवंत आहेत, मग तिला कळलं नसतं. म्हणजे मीना-रघू हे २-३ आहेत किंवा ३-४ आहेत.

इथे खूप जण अडतात, "मग नक्की उत्तर काय?" तर नक्की उत्तर आपल्याला मिळत नाही! मीनाला तिचा स्वतःचा आकडा दिसतोय म्हणून तिला पक्कं कळलं, आपल्याला तो दिसत नाही म्हणून आपल्यापाशी दोन शक्यता राहिल्या. कोड्यातल्या माणसाला कळणं आणि वाचणाऱ्याला कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या, पुढे फार उपयोगी पडतं.

पायरी २: कोण कशाबद्दल बोलतंय ते वाक्यागणिक बघा

"मला माहीत नाही" आणि "मला माहीत आहे की तुला माहीत नाही" ही दोन वाक्यं कानाला सारखीच लागतात. पण कागदावर दोन्हींची काट अगदी वेगळ्या जागी पडते, आणि माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात. हे दाखवायला मी एकच तक्ता घेतो आणि त्यावर तीन वेगवेगळी बोलणी लावतो.

लॉकरची भिंत आहे, प्रत्येक लॉकरला एक अक्षर आणि एक आकडा. किल्ली यातल्या एका लॉकरमध्ये आहे:

क २, क ५
ख २, ख ३, ख ६
ग १, ग ३
घ १, घ ४, घ ६
च ३, च ६

मीनाच्या कानात फक्त अक्षर सांगितलंय, रघूच्या कानात फक्त आकडा. यादी दोघांसमोर आहे, आणि कुणाला काय सांगितलंय हेही दोघांना माहीत आहे.

पहिलं बोलणं:

मीना: मला माहीत नाही, पण रघूलाही माहीत नाही याची मला खात्री आहे.
रघू: खरंय, आणि मला अजूनही कळलं नाही.
मीना: मग मला कळलं.

रघूला सुरुवातीलाच कधी कळलं असतं? त्याचा आकडा यादीत एकदाच येत असेल तर. असे आकडे दोन, ५ (फक्त क मध्ये) आणि ४ (फक्त घ मध्ये). आता मीनाला खात्री आहे की रघूला कळलेलं नाही. तिचं अक्षर क असतं तर आकडा ५ असण्याची शक्यता तिला दिसली असती आणि खात्री देता आली नसती. घ असतं तरी तसंच, ४ मुळे. म्हणजे क ची अख्खी ओळ गेली, घ ची अख्खी ओळ गेली. नुसते क ५ आणि घ ४ नाही, अख्ख्या ओळी! राहिलं ख २, ख ३, ख ६, ग १, ग ३, च ३, च ६.

रघू म्हणतो अजून कळलं नाही. राहिलेल्यात १ एकदाच आहे (ग), २ एकदाच आहे (ख), त्यामुळे यातला आकडा असता तर त्याला कळलं असतं. ते दोन गेले. राहिलं ख ३, ख ६, ग ३, च ३, च ६. मीनाला कळलं म्हणजे तिच्या अक्षरात एकच लॉकर उरलाय. तसं फक्त ग आहे. किल्ली ग ३ मध्ये.

आता तोच तक्ता, पण या वेळी रघू आधी बोलतो:

रघू: मला माहीत नाही.
मीना: मलाही आधी माहीत नव्हतं, पण आता कळलं.

रघू स्वतःबद्दल बोलतोय. त्यामुळे फक्त क ५ आणि घ ४ जातात, ओळी जागेवरच राहतात. आता कुठल्या अक्षरात एकच लॉकर उरला? क मध्ये, क २. किल्ली क २ मध्ये.

तिसरं बोलणं, पुन्हा तोच तक्ता:

रघू: मला माहीत नाही.
मीना: मलाही नाही, अजूनसुद्धा नाही.
रघू: मग मला कळलं.

क ५ आणि घ ४ गेले, मग मीनाला अजून कळलं नाही म्हणून क २ पण गेला. आता राहिलेल्यात २ हा आकडा फक्त ख मध्ये आहे, बाकी १, ३, ६ सगळे एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत. किल्ली ख २ मध्ये.

तक्ता तोच, माणसं तीच, आणि तीन बोलण्यांतून तीन वेगळी उत्तरं, ग ३, क २, ख २. माहिती यादीत नव्हती, बोलण्यात होती, हे मला स्वतःला हा तक्ता बनवताना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पटलं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित ऑलिंपियाडमधलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं होतं, ते आठवत असेल. दहा तारखा, अल्बर्टला महिना सांगितलाय आणि बर्नार्डला तारीख. त्याचं उत्तर १६ जुलै. पण खूप लोक १७ ऑगस्टवर अडून बसले होते, आणि ते काही मूर्ख नव्हते, त्यांनी फक्त अल्बर्टचं "बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे" हे वाक्य असं वाचलं की जणू बर्नार्डनेच आधी येऊन "मला माहीत नाही" म्हणून सांगितलंय. म्हणजे पहिल्या बोलण्याच्या जागी त्यांनी तिसरं बोलणं सोडवलं. अख्ख्या ओळी काटायच्या ऐवजी दोन तारखा काटल्या की १७ ऑगस्टच येतं, करून बघा.

तर पायरी अशी: प्रत्येक वाक्याच्या बाजूला लिहा, बोलतंय कोण, त्याला काय दिसतंय, आणि वाक्य स्वतःबद्दल आहे की समोरच्याबद्दल. "आधी", "आता", "अजून" या शब्दांखाली रेघ मारा. "आधी माहीत नव्हतं" याची काट सुरुवातीच्या यादीवर चालते, "अजून माहीत नाही" याची काट आत्ता उरलेल्या यादीवर.

पायरी ३: आपल्यापासून लपवलेली माहिती पण वापरा

काही कोड्यांत एक आकडा कोड्यातल्या माणसाला माहीत असतो, आपल्याला सांगतच नाहीत. तेव्हा वाटतं कोडं अर्धवट छापलंय.

एक माणूस आपल्या मित्राला सांगतो, माझ्या तीन मुलींच्या वयांचा गुणाकार ४० आहे, आणि वयांची बेरीज त्या समोरच्या दारावरच्या नंबराएवढी आहे. मित्र दाराकडे बघतो, थोडा विचार करतो आणि म्हणतो, अजून नाही सांगता येत. मग तो माणूस म्हणतो, सगळ्यात धाकटी अजून बोबडं बोलते. मित्र म्हणतो, हां, मग कळलं.

वयं पूर्ण वर्षांत धरायची. ४० चे तीन-तीन भाग मांडा: १, १, ४०. १, २, २०. १, ४, १०. १, ५, ८. २, २, १०. २, ४, ५. बेरजा ४२, २३, १५, १४, १४, ११. मित्राला नंबर दिसत होता, तरी सांगता आलं नाही, म्हणजे नंबर असा आहे की ज्याला दोन उत्तरं येतात, म्हणजे १४. नंबर आपण पाहिला नाही, तरी त्याच्या अडखळण्यावरून आपल्याला कळला! आता राहिले १, ५, ८ आणि २, २, १०. "सगळ्यात धाकटी" असं एकीबद्दल बोलला, म्हणजे धाकटी एकच आहे, दोघी बरोबरीच्या नाहीत, म्हणून १, ५, ८. बोबडं बोलण्याचा इथे काही संबंध नाही, एकवचनाचा आहे. जुळ्यांतही एक काही मिनिटांनी धाकटी असते असा वाद घालणारे भेटतात, वाद खरा आहे, पण वयं पूर्ण वर्षांत मोजायची म्हटल्यावर तो इथे लागू पडत नाही.

पायरी ४: सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मोठ्याने का सांगतात

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि इथे जरा वेळ काढायला हवा.

पिंकी, सोनू आणि मनू खेळून आलेत, तिघांच्याही कपाळाला चिखल लागलाय. प्रत्येकाला बाकी दोघांचं कपाळ दिसतं, स्वतःचं दिसत नाही. आरसा नाही, एकमेकांना सांगायचं नाही. बाई म्हणतात, "तुमच्यापैकी निदान एकाच्या कपाळाला चिखल आहे. स्वतःच्या कपाळाला चिखल आहे हे ज्याला खात्रीने कळलं त्याने हात वर करा." कुणी हात वर करत नाही. बाई पुन्हा विचारतात. पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा विचारतात आणि तिघांचे हात एकदम वर.

यादी मांडू. प्रत्येक कपाळ स्वच्छ किंवा चिखलाचं, तिघांच्या मिळून ८ शक्यता. बाईंच्या बोलण्याने "तिघंही स्वच्छ" ही शक्यता गेली, राहिल्या ७. पहिल्या खेपेला कुणी हात वर केला नाही. एकाच्याच कपाळाला चिखल असता तर त्याला बाकी दोघं स्वच्छ दिसले असते आणि "मग तो मीच" म्हणून हात वर गेला असता. म्हणून एकट्याला चिखल असलेल्या ३ शक्यता गेल्या, राहिल्या ४. दुसऱ्या खेपेलाही कुणी नाही. दोघांना चिखल असता तर त्या दोघांतल्या प्रत्येकाला एकच चिखलाचा दिसला असता आणि "तो एकटा असता तर त्याने मघाशीच हात वर केला असता, म्हणजे दुसरा मीच" असं कळलं असतं. त्याही ३ शक्यता गेल्या, राहिली १. तिघंही चिखलाचे. आठ, सात, चार, एक. गप्प बसणं हेही इथे एक उत्तरच आहे, आणि तिघं एकाच वेळी उत्तर देतात म्हणून एका खेपेची काट तिघांच्या गप्प बसण्यावरून एकदम मारायची, एकाची आधी मग दुसऱ्याची असं नाही.

हे कोडं बऱ्याच रूपांत फिरतं. १९५३ मध्ये गणितज्ञ जॉन लिटलवुडने असंच एक लिहिलं होतं, रेल्वेच्या डब्यात तीन बायका, तिघींचे चेहरे काळवंडलेले आणि तिघी एकमेकींना हसतायत.

आता खरा प्रश्न. प्रत्येक मुलाला दोन चिखलाची कपाळं दिसतच होती. "निदान एकाला चिखल आहे" हे तिघांनाही आधीच माहीत होतं. मग बाईंनी नवीन काय सांगितलं? आणि बाई नसत्या बोलल्या तर यादीत आठही शक्यता राहिल्या असत्या, कुणालाच कधीच काही कळलं नसतं, कितीही वेळा विचारलं तरी. म्हणजे फरक तर पडलाय.

पिंकीच्या डोक्यात शिरून बघा. ती म्हणते, समजा मी स्वच्छ आहे. तर सोनूला फक्त मनू चिखलाचा दिसत असणार. मग तो सोनू मनात म्हणेल, समजा मीही स्वच्छ आहे, तर मनूला दोघंही स्वच्छ दिसत असतील आणि त्याला वाटेल की कदाचित कुणालाच चिखल नाही. म्हणजे पिंकीने कल्पना केलेल्या सोनूने कल्पना केलेल्या मनूला मात्र "निदान एकाला चिखल आहे" हे माहीत नाही! सगळ्यांना माहीत आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे की सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या पुढच्या मजल्यावर साखळी तुटते. बाई सगळ्यांच्या देखत बोलल्या म्हणून ती तुटलेली कडी जोडली गेली. बाईंनी हीच गोष्ट प्रत्येकाच्या कानात वेगवेगळी सांगितली असती, आणि बाकीच्यांना काय सांगितलंय हे कुणालाच कळलं नसतं, तर काहीच झालं नसतं.

अशा, सगळ्या मजल्यांवर सगळ्यांना माहीत असलेल्या माहितीचा विचार तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९६९ मध्ये मांडला आणि १९७६ मध्ये गणितज्ञ रॉबर्ट ऑमनने तिला गणिती रूप देऊन एक चकित करणारी गोष्ट सिद्ध केली: दोन माणसांची सुरुवातीची समज सारखी असेल, नंतर दोघांना वेगवेगळी माहिती मिळाली असेल, आणि एखाद्या गोष्टीच्या शक्यतेबद्दल दोघांचे अंदाज या उघड अर्थाने एकमेकांना माहीत असतील, तर ते अंदाज वेगळे राहूच शकत नाहीत. ऑमनला २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मुख्यतः खेळ-सिद्धांतातल्या (एकमेकांच्या चाली बघून लोक निर्णय कसे घेतात याचं गणित) दुसऱ्या कामासाठी, पण मला विचाराल तर हा निकाल जास्त सुंदर आहे.

मीना-रघूच्या लागोपाठच्या आकड्यांकडे आता परत बघा. मीनाकडे ५० असेल तर मीनाकडे १ नाही हे रघूला आधीच माहीत असतं, कारण त्याच्याकडे ४९ किंवा ५१ आहे. तरी मीनाचं पहिलं "माहीत नाही" फुकट जात नाही, तिथेही असेच मजले आहेत आणि प्रत्येक वाक्य खालून एकेक मजला पक्का करत येतं.

पायरी ५: यादी मोठी असेल तर आधी नियम शोधा

गणितज्ञ हान्स फ्रॉइडेन्थालने १९६९ मध्ये दिलेलं बेरीज-गुणाकाराचं कोडं या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध. गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९७९ मध्ये ते खूप लोकांपर्यंत पोचवलं आणि त्याला "अशक्य" कोडं म्हटलं. दोन वेगवेगळ्या संख्या, दोन्ही १ पेक्षा मोठ्या, बेरीज १०० पेक्षा जास्त नाही. एकाला गुणाकार माहीत, एकीला बेरीज.

गुणाकारवाला: मला संख्या माहीत नाहीत.
बेरीजवाली: तुला माहीत नाहीत हे मला माहीतच होतं.
गुणाकारवाला: मग आता मला कळल्या.
बेरीजवाली: मग मलाही कळल्या.

हजारो जोड्या आहेत, हाताने मांडत बसू नका. दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करा, तिथे सगळ्यात मोठी काट आहे. बेरीज अशी असणार की तिची कुठलीही फोड केली तरी गुणाकारवाल्याला लगेच कळणार नाही. दोन वेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराची फोड एकच होते, म्हणून बेरीज दोन मूळ संख्यांची मिळून होता कामा नये. यातच जवळपास सगळ्या सम बेरजा जातात (चुकून राहणारी ६ पण जाते, कारण २ आणि ४ चा गुणाकार ८, त्याची दुसरी फोड नाही). ५४ च्या वरच्या बेरजा तर अख्ख्या जातात, कारण त्यात ५३ ही मूळ संख्या घेता येते, आणि ५३ ज्या गुणाकारात आहे तिथे दुसरी फोड केली तर एक संख्या निदान १०६ होते, मर्यादेच्या बाहेर. ५१ अशी जाते: १७ आणि ३४ चा गुणाकार ५७८, त्याची दुसरी फोड २ आणि २८९, तीही बाहेर. एवढं करून फक्त दहा बेरजा उरतात: ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७, ५३.

तिसरं वाक्य सांगतं की गुणाकाराच्या फोडींपैकी एकाच फोडीची बेरीज या दहांत आहे. चौथं सांगतं की बेरीजवालीच्या फोडींपैकी अशी फोड एकच आहे. ११ तपासू: २ आणि ९ चा गुणाकार १८, दुसरी फोड ३ आणि ६, बेरीज ९, ती दहांत नाही, म्हणजे १८ वाल्याला कळेल. ३ आणि ८ चा गुणाकार २४, बाकीच्या फोडींच्या बेरजा १४ आणि १०, त्याही नाहीत, म्हणजे २४ वाल्यालाही कळेल. दोन आले, ११ बाद. १७ तपासू: गुणाकार ३०, ४२, ५२, ६०, ६६, ७०, ७२. ३० ची ५ आणि ६ अशी फोड ११ देते, ४२ ची २ आणि २१ अशी २३ देते, ६० ची ३ आणि २० अशी २३, ६६ ची २ आणि ३३ अशी ३५, ७० ची २ आणि ३५ अशी ३७, ७२ ची ३ आणि २४ अशी २७. या सगळ्यांत गुणाकारवाला अडकतो. फक्त ५२ ची दुसरी फोड २ आणि २६, बेरीज २८, दहांत नाही. म्हणजे एकच राहिलं. उरलेल्या आठही बेरजांना ११ सारखेच निदान दोन गुणाकार निघतात, २३ ला ७६ आणि ११२ निघतात ते तुम्हीच तपासून बघा. उत्तर ४ आणि १३.

कुठे चुकतं

सगळ्यात जास्त चूक म्हणजे आपल्याला उत्तर कळलंय म्हणून कोड्यातल्या माणसालाही ते कळलं असं धरणं, किंवा उलट. दुसरी म्हणजे खोडलेली शक्यता नंतर "पण तेव्हा तर ती होती" म्हणून परत आणणं. त्यावर उपाय म्हणून मी प्रत्येक वाक्यानंतर यादी नव्याने लिहून काढतो, खाडाखोड करत नाही, वेळ लागतो पण चूक कुठे झाली ते मागे जाऊन दिसतं. आणि काट मारताना शक्यतेला विचारायचा प्रश्न बदलू देऊ नका. "हे खरं असेल का" असं विचारायचं नाही, "हे खरं असतं तर तो असं बोलला असता का" असं विचारायचं.

स्वतः कोडं बनवा

पद्धत हातात बसवायची असेल तर कोडं बनवण्यासारखा सराव नाही. आठ-दहा खान्यांचा तक्ता घ्या, अक्षर-आकड्यांचा, एक-दोन आकडे मुद्दाम एकदाच येतील असे ठेवा, नाहीतर पहिल्याच वाक्याला काही खोडलं जाणार नाही. मग वेगवेगळी बोलणी लावून बघा. वाक्यानंतर यादी तेवढीच राहिली तर ते वाक्य वाया गेलं. वरच्या लॉकरच्या तक्त्यात रघू "नाही", मीना "नाही", रघू "अजून नाही" एवढं झालं की ख २ जातो, आणि मग प्रत्येक अक्षरात निदान दोन लॉकर आणि प्रत्येक आकडा निदान दोन ठिकाणी उरतो. तिथून पुढे दोघं जन्मभर "नाही, नाही" म्हणत बसले तरी काही खोडलं जात नाही.

आणि एक तुमच्यासाठी ठेवतो. लागोपाठच्या आकड्यांचं कोडं, पण बोलणं या वेळी लांबलंय. मीना: माहीत नाही. रघू: माहीत नाही. मीना: अजून नाही. रघू: आता कळला! पेन खाली ठेवायच्या आधी पुढचं वाचू नका.

मीनाच्या दुसऱ्या "नाही" ने तिच्याकडचे २ आणि ३ जातात. रघूकडे ३ असेल तर मीनाकडे २ किंवा ४, २ गेला, म्हणून ४. रघूकडे ४ असेल तर मीनाकडे ३ किंवा ५, ३ गेला, म्हणून ५. म्हणजे मीना-रघू ४-३ किंवा ५-४. मघाशी मीनाला आधी कळलं होतं तेव्हा लहान आकडा मीनाकडे होता, आता रघूला आधी कळलं तेव्हा लहान आकडा रघूकडे आहे. बोलणं कितीही लांबवा, ज्याच्याकडे लहान आकडा त्यालाच आधी कळतं, कारण काट नेहमी खालून वर चढत येते आणि लहान आकडेवाल्याची खालची शक्यता आधी तिच्या तावडीत सापडते.